पावसाचं बटण

पावसाळा तोंडावर आला की मराठी माणसाला दोन गोष्टी लागतात. एक छत्री आणि दुसरा आरोपी. छत्री हरवली तरी चालतं, ती बिचारी त्यासाठीच जन्माला आलेली असते. आरोपी मात्र हाताशी असावा लागतो. पाऊस आला नाही तर तो कोणी अडवला आणि फार आला तर कोणी सोडला, हे ठरल्याशिवाय आपल्याला चहा गोड लागत नाही. पूर्वी ही जागा वरुणराजाकडे होती. त्याला गाऱ्हाणं घालायचं, बेडकांचं लग्न लावायचं, फारच झालं तर महादेवाची पिंड पाण्यात बुडवून ठेवायची. मग ती जागा वेधशाळेकडे आली. वेधशाळेचं काम फक्त सांगण्याचं. पण आकाशवाणीवर 'कोकणात तुरळक ठिकाणी मुसळधार' असं ऐकलं, की माझे निडीचे मामा तरातरा उठून रेडिओ बंद करायचे. "नाव काढतात आणि मग येतो मेला!" असा त्यांचा सिद्धान्त होता. रेडिओवरून हवामान बदलता येतं, हे मत मी पहिल्यांदा तिथे ऐकलं, आणि तेही कुठल्या शास्त्रज्ञाच्या नव्हे, तर भाताची लावणी अर्धवट राहिलेल्या गृहस्थाच्या तोंडून.

निडी म्हणजे नागोठणे आणि रोहा यांच्या मधलं स्टेशन. कोकणात जाणाऱ्या गाड्या निडीवरून जातात. 'जातात' हा शब्द मी विचारपूर्वक वापरतो आहे. थांबते ती पॅसेंजर. बाकीच्या एक्स्प्रेस गाड्या शिट्टी मारून, स्टेशनाला जेमतेम ओळख दाखवून निघून जातात. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे.

मामांचा रेडिओ आता माळ्यावर गेला. त्याच्या जागी नातू आला. तो इंजिनिअरिंगला आहे, म्हणजे जगातल्या प्रत्येक गोष्टीचं कारण त्याला ठाऊक असतं आणि परीक्षेतल्या प्रश्नांचं तेवढं नसतं. गेल्या पावसाळ्यात मी गेलो होतो तेव्हा ओटीवर त्याने मोबाइल उघडून आम्हाला गाकोनाची बातमी दिली. गाकोना हे अलास्कातलं गाव. तिथे 'हार्प' नावाचं केंद्र आहे, तिथे एकशेऐंशी अँटेना उभ्या आहेत, आणि त्यांतून आकाशात रेडिओलहरी सोडून अमेरिकन लोक कुठेही पूर, दुष्काळ, वादळ पाठवू शकतात, असं नातवाचं, म्हणजे मोबाइलचं, म्हणणं.

"आणि आपल्या विहिरीमागचा टॉवर?" मामांनी विचारलं. मोबाइलचा टॉवर आल्यापासून मृगाचा पाऊस नीट पडत नाही, अशी वाडीत एक दबकी कुजबुज आहेच. सातारा-सांगलीकडे मध्यंतरी पवनचक्क्या ढग पळवतात अशी हाकाटी होती. मग टॉवरने काय घोडं मारलंय?

मला खरं तर अशा वेळी गप्प बसायला आवडतं. पण आमच्या घराण्यात गप्प बसणाऱ्याला माहिती नाही असं धरतात. म्हणून एका लग्नपत्रिकेची पाठ कोरी होती तिच्यावर मी हिशेब मांडला.

हार्प आहे, हे खरं. ते बांधायला घेतलं १९९३ साली, पैसे अमेरिकेच्या लष्करी खात्यांचे, आणि २०१५ पासून ते अलास्का विद्यापीठाकडे आहे. त्याची प्रक्षेपणशक्ती ३६ लाख वॉट. आकडा ऐकून छाती दडपते. पण निडीवरून न थांबता जाणाऱ्या गाडीला 'वॅप-७' जातीचं इंजिन जोडलेलं असेल, तर त्या एका इंजिनाची ताकद ६,००० अश्वशक्तीच्या वर, म्हणजे ४५ लाख वॉट भरते. तेवढ्या शक्तीने अजून निडीचा एक ढग हललेला नाही. फार तर फलाटावरच्या म्हातारीचा पदर उडतो.

दुसरं असं, की हार्पचा सगळा रोख आयनांबराकडे. ते जमिनीपासून साठ-ऐंशी किलोमीटरच्या वर सुरू होतं. आपला पाऊस, ढग, गडगडाट हा सगळा संसार खालच्या पंधरा-अठरा किलोमीटरांतला. एखादी गोष्ट तापवायची तर लहर तिच्यात मुरावी लागते. हार्पच्या लघुलहरी ढगांतून जातात त्या एक्स्प्रेस निडीवरून जाते तशा. ढगाला त्याचं काही नाही.

आता पावसाची ताकद पाहा. एक चौरस किलोमीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला, म्हणजे अंगण जेमतेम ओलं झालं, तरी ते पाणी दहा लाख लिटर होतं. वाफेचं पाणी होताना दर लिटरमागे सुमारे २५ लाख ज्यूल उष्णता वर ढगात मोकळी होते. गुणाकार करा. तेवढी ऊर्जा द्यायला हार्पला रात्रंदिवस चालून आठ दिवस लागतील. आणि निडीला जुलैत एका दिवसात शंभर मिलिमीटर पाऊस झाला तर लोक त्याला 'आज जरा बरा झाला' म्हणतात. तो हिशेब एका चौरस किलोमीटरपुरताच दोन वर्षांच्या वर जातो. मग नागोठण्याचा वेगळा, रोह्याचा वेगळा.

मामांनी पत्रिका उलटसुलट करून पाहिली. लग्न मोडलं होतं त्यांचं, म्हणजे पत्रिकेवरचं. त्यामुळे कागद वाया गेला नाही याचं त्यांना समाधान वाटलं असावं. मग म्हणाले, "ते इंजिनाचं पटलं. टॉवरचं मला आधीच ठाऊक होतं. पाऊस टॉवर बंद पाडतो हे मी दर वर्षी बघतो. टॉवर पाऊस पाडतो हे अजून बघायचंय."

विजेने निसर्गाची कुठलीच खोडी काढता येत नाही, असं मात्र कोणी समजू नये. त्याचा दाखला आमच्याच जिल्ह्यात आहे. मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार म्हटल्यावर कुलाब्याच्या वेधशाळेतल्या चुंबकीय नोंदी बिघडणार हे उघड झालं, म्हणून ते काम उचलून अलिबागला आणलं. १९०४ पासून अलिबागची चुंबकीय वेधशाळा पृथ्वीच्या नाडीवर बोट ठेवून बसली आहे. इमारत बांधतानाही लोखंड टाळलेलं. म्हणजे ट्राम चुंबकाच्या काट्याला वेड लावू शकते. पण ट्राममुळे मुंबईत पाऊस लांबला, असं काही कोणी नोंदवलेलं नाही. आणि रेडिओलहरींचा पावसाशी खरा संबंध कुठे असेल तर तो रडारमध्ये. मुंबईचं रडार ढगांकडे लहरी पाठवतं, त्या आपटून परत येतात, आणि त्यावरून ढगात पाणी किती, तो कुठे निघालाय, ते कळतं. लहर जाते ती हुकूम सोडायला नव्हे, विचारपूस करायला.

नातू हिरमुसला. त्याच्या समाधानासाठी मी सांगितलं की बटण नाहीच असं नाही. एक छोटंसं आहे. १९४६ साली अमेरिकेत ढगांवर आधी कोरड्या बर्फाचा आणि मग सिल्व्हर आयोडाइडचा प्रयोग झाला. आपल्या सरकारने २००३ साली, मग २०१५ आणि २०१९ साली विमानं उडवून कृत्रिम पावसाचे प्रयोग केले. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने सोलापूरकडे रीतसर मोजमाप घेतलं, तेव्हा निवडक ढगांच्या बाबतीत सुमारे १८ टक्के पाऊस जास्त पडल्याचं आढळलं. पण त्याला अट आहे. ढग आधी असावा लागतो आणि त्याच्या पोटात पाणी असावं लागतं. ढगाला आग्रह करता येतो, जसा आपण जेवणाऱ्याला अजून एक जिलबी घ्या म्हणून करतो. पण पानावर माणूसच बसला नसेल तर जिलबी कोणाला वाढणार?

इथपर्यंत विज्ञान झालं. मला जास्त भीती वाटते ती पुढच्या गोष्टीची. समजा, बटण सापडलं. मोठं, खणखणीत, दाबलं की पाऊस. ते ठेवायचं कोणाकडे?

निडीपुरता विचार करू. सात जूनला मृग लागतो. भातवाल्याला तेव्हा पाऊस हवा. पेणकडच्या मिठागरवाल्याला तो आणखी आठ दिवस नको, कारण मीठ आगरातच पडलेलं आहे. ज्याच्या घराची कौलं अजून चाळायची आहेत तो मिठागरवाल्याच्या बाजूने. ज्याची विहीर आटली ती बाई भातवाल्याच्या बाजूने. श्रावणात पेणला हजारो गणपती रंगाची वाट बघत ओले उभे असतात; त्यांना ऊन द्यावं, तर नुकतं लावलेलं भात करपतं. भात कापायला ऑक्टोबर कोरडा हवा, आणि वाल पेरायला जमिनीत ओल हवी. आणि गंमत म्हणजे भात आणि वाल एकाच माणसाचे. म्हणजे एका माणसाचीसुद्धा या विषयात एकवाक्यता नाही. हवामान नियंत्रण समिती नेमली तर पहिल्या बैठकीत अध्यक्ष निवडतील, दुसऱ्या बैठकीत डोकी फुटतील, आणि तिसरी बैठक पावसामुळे तहकूब होईल.

सॅन डिएगोच्या लोकांनी हे भोगलं आहे. तिथल्या नगरपालिकेने १९१५च्या डिसेंबरात चार्ल्स हॅटफील्ड नावाच्या पर्जन्यकारागिराशी दहा हजार डॉलरांचा सौदा केला, की बाबा, आमचं धरण भरून दे. १९१६च्या जानेवारीत असा पाऊस कोसळला की धरण फुटलं, पूल गेले, माणसं मेली. हॅटफील्ड पैसे मागायला आला. नगरपालिका म्हणाली, देतो, पण पाऊस तुझा असेल तर नुकसानही तुझं. प्रकरण कोर्टात १९३८पर्यंत रेंगाळलं (आपल्याकडच्या दिवाणी दाव्यांची उगाच बदनामी करतात) आणि निकाल काय, तर पाऊस ही देवाची करणी. हॅटफील्डला दमडी मिळाली नाही, आणि त्याच्यावर जबाबदारीही आली नाही. कोर्टाने देवाचं नाव घेतल्यामुळे एक माणूस भिकेला लागला आणि वाचलाही.

हे झालं शेजाऱ्यांचं. शत्रूचं काय? १९६७ ते १९७२ या काळात अमेरिकेने व्हिएतनामच्या युद्धात शत्रूचे रस्ते चिखलात जावेत म्हणून खरोखरच ढगांवर फवारे मारले होते. ते उघडकीला आल्यावर १९७७ साली हवामानाचा शस्त्र म्हणून वापर करू नये असा आंतरराष्ट्रीय करार झाला. भारतही त्यात आहे. नातवाचा संशय अगदीच हवेतला नाही, एवढं त्याला द्यायला हवं. माणसाची नियत तो बरोबर ओळखतो. त्याचा घोळ आहे तो फक्त वॉटचा.

मामा बराच वेळ गप्प होते. मग नातवाला म्हणाले, "तुझं ते केंद्र कधीचं म्हणालास?"

"त्र्याण्णवचं, आजोबा."

"मग एकोणनव्वदला कोणी बटण दाबलं रे?"

२४ जुलै १९८९ची गोष्ट या भागात अजूनही खालच्या आवाजात सांगतात. अंबा नदी चढली आणि जांभूळपाड्यात घरं गेली, माणसं गेली. मामांच्या ओळखीची माणसं होती. "तेव्हा मला कोणीतरी हवा होता," मामा म्हणाले, "गचांडी धरायला. नदीची कशी धरणार?"

हार्पच्या मागचं खरं दुःख हे आहे, असं मला वाटतं. संतापाला पत्ता हवा असतो. आणि पाऊस बदललाय, हे लोकांना वाटतं तेही खोटं नाही. मध्य भारताच्या पट्ट्यात १९५० ते २०१५ या काळात मोठ्या प्रदेशावरच्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या, असं पुण्याच्याच संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०१७ साली दाखवलं. ते बटण तुमच्या-माझ्या स्कूटरच्या किकमध्ये, कोळशाच्या भट्टीत, थोडं थोडं सगळ्यांकडे वाटलेलं आहे. म्हणून त्याचा राग येत नाही. गाकोना सोयीचं आहे, कारण तिथे आपण राहत नाही. पण तिथे एस.टी. जात नाही हीच त्याची अडचण. इथला डोंगर कोणी पोखरला, ओढ्यात भराव कोणी टाकला, खाडीकाठची कांदळवनं कुठे गेली, हे विचारायला तालुक्याच्या गावापर्यंतसुद्धा जावं लागत नाही. पण तिथे माणूस ओळखीचा निघतो, कधी सोयरा निघतो. १९ जुलै २०२३च्या रात्री खालापूर तालुक्यात इरशाळवाडीवर डोंगर आला. मदतीला गेलेल्यांना अंधारात पायवाटेने चढावं लागलं, कारण गाडीचा रस्ताच नव्हता. पाऊस कोणी पाठवला याचं उत्तर अलास्कात शोधता येईल. रस्ता का नव्हता, याचं उत्तर तिथे सापडणार नाही.

ओटीवर थोडा वेळ कोणी बोललं नाही. पागोळ्या लागल्या होत्या. नातवाने मोबाइल खिशात ठेवला. टॉवर बंद पडला होता.

"पण आजोबा," तो शेवटी म्हणाला, "समजा, खरंच बटण मिळालं तुम्हाला, तर?"

मामांनी पावसाकडे बघितलं, मग वरच्या शेताकडे, मग माजघराच्या दाराकडे. हलक्या आवाजात म्हणाले, "आजीला सांगू नकोस."