अनवाणी व्रत आणि शौचाची मर्यादा

देवस्थानाच्या उंबऱ्याबाहेर पादत्राणे काढून ठेवणे हा भारतातील अनेक धर्मपंथांचा समान आचार आहे. नवरात्राचे नऊ दिवस पायांत वहाण न घालण्याचा नेम, कोजागिरीच्या सुमारास सोलापूरहून तुळजापूरपर्यंतची अनवाणी चाल आणि जैन साधुसाध्वींचा आजन्म अनवाणी विहार ही त्याच आचाराची अधिक कठोर रूपे होत. या आचारामागे नम्रता, अपरिग्रह आणि अहिंसा हे भाव आहेत, आणि त्यांचे मोल कोणी नाकारणार नाही. मात्र अनवाणी पायांना जडणारा त्वचारोग हा व्रताचाच एक भाग म्हणून सोसावयाचा, की तो टाळणे हेही धर्मकर्तव्यच मानावयाचे, हा प्रश्न त्यातून उभा राहतो, आणि त्याचे उत्तर शोधण्यापूर्वी अशा रोगांचे दोन वर्ग वेगळे करणे आवश्यक आहे.

पहिल्या वर्गातील रोग मातीतून थेट त्या व्यक्तीच्या शरीरात शिरतो आणि स्पर्शाने दुसऱ्यास होत नाही. 1842 मध्ये मदुराईत नोंद झालेले आणि त्या गावावरूनच ‘मदुरा पाऊल’ म्हणून ओळखले जाणारे दुखणे हे याचे ठळक उदाहरण आहे. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातील हेन्री वँडाइक कार्टर यांनी त्याचा सखोल अभ्यास करून 1874 मध्ये त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. काटा रुतताना मातीतील बुरशी किंवा तिच्यासारखे तंतुमय जिवाणू त्वचेखाली जातात, कित्येक महिने पाऊल सुजत राहते, मग त्याला छिद्रे पडून त्यांतून काळे, पांढरे वा तांबडे कण वाहू लागतात आणि अखेरीस हाडही पोखरले जाते. सुरुवातीस वेदना जवळजवळ नसल्यामुळे रुग्ण वैद्याकडे उशिरा पोचतो.

दुसऱ्या वर्गातील रोग मात्र एका पायावरून दुसऱ्या पायावर जातात. बोटांच्या बेचक्यांत होणाऱ्या चिखल्यांना पुष्कळदा कारण असणारी बुरशी केराटिनवर, म्हणजे त्वचेच्या वरच्या मृत थरातील आणि नखांतील कठीण प्रथिनावर, जगते. पायाची सुटलेली साल ओल्या फरशीवर पडली की तिच्यातील बुरशी पुढच्या माणसाची वाट पाहत तेथे टिकून राहते. तळव्यावरील चामखीळही विषाणूमुळे होते आणि तीही अशाच सामाईक ओलसर जागी पसरते. उन्हाने तापलेल्या कोरड्या दगडी अंगणात हा धोका अल्प असतो, तर धर्मशाळेच्या न्हाणीघरात आणि पाय धुण्याच्या जागी तो वाढतो. शिवाय दिवसभर घट्ट बुटांत कोंडलेल्या पायापेक्षा उघडा, कोरडा पाय या बुरशीला कमी मानवतो. म्हणून दोष अनवाणीपणाचा नसून ओलाव्याचा आणि फाटलेल्या त्वचेचा आहे.

व्रत आणि पावलाचे रक्षण यांचा मेळ कसा घालावा, याचा विचार प्राचीन संघांनी केलेला आहे. पाली विनयपिटकाच्या महावग्गात सोण कोळिविस या सुकुमार भिक्षूची कथा आहे: चंक्रमण करताना, म्हणजे ध्यानपूर्वक येरझाऱ्या घालताना, त्याचे पाय फुटून वाट रक्ताने माखली, तेव्हा बुद्धांनी त्याला एका तळाच्या वहाणा वापरण्याची मोकळीक दिली, परंतु ही सवलत एकट्यासाठी घेण्यास त्याने नकार दिल्यावर ती सर्व संघास लागू झाली. त्याच प्रकरणात पुढे, अवंती-दक्षिणापथातील भूमी काळी, खरबरीत आणि गुरांच्या खुरांनी तुडवलेली आहे, हे ध्यानी घेऊन तेथील भिक्षूंना अनेक तळांच्या वहाणांची अनुमती मिळाली. नियमाचा हेतू कायम ठेवून जमीन आणि पाऊल यांच्या स्थितीनुसार त्याचे रूप बदलणे हा येथे धर्माचा भंग मानलेला नाही.

याउलट जैन आचारशास्त्र साधूने समभावाने सोसावयाचे बावीस परीषह, म्हणजे साधनेच्या मार्गात येणारे कष्ट, सांगते आणि त्यांत गवतकाट्यांचा स्पर्श व रोग या दोहोंचा समावेश करते. ही भूमिका बौद्ध भूमिकेहून कठोर असली, तरी ती साधूच्या स्वतःच्या देहापुरती आहे, आणि ज्या परंपरेने पायाखालच्या किड्यामुंगीलाही जपले, ती आपल्या पावलाने दुसऱ्या माणसाला पीडा व्हावी असे म्हणणार नाही. तप स्वेच्छेने अंगीकारले तरच ते तप ठरते. शेजारच्या भाविकाच्या पायी जडलेली चिखली त्याने मागितलेली नसते, त्यामुळे तिचे पुण्य कोणाच्याच पदरी पडत नाही.

यावरून शौचाचा, म्हणजे अंतर्बाह्य शुद्धीचा, अर्थ अधिक नेमका होतो. पाय धुणे जितके आवश्यक, तितकेच बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसणेही आवश्यक आहे. ज्याच्या पायाला संसर्ग आहे त्याने उपचार पूर्ण होईपर्यंत सामाईक ओल्या जागी उघड्या पावलांनी वावरू नये, आणि मधुमेहामुळे ज्याच्या तळव्यांची संवेदना मंदावली आहे त्याने, जखम झाल्याचे कळतच नसल्यामुळे, अनवाणी चालण्याऐवजी दुसरा नेम स्वीकारावा. फरशी कोरडी आणि स्वच्छ राखणे हे देवस्थानांच्या व्यवस्थापनाचे कर्तव्य पूजेच्या व्यवस्थेइतकेच गंभीर आहे. स्वतःचे कष्ट देवाला वाहण्याचा अधिकार भक्ताला आहे, दुसऱ्याचे आरोग्य वाहण्याचा नाही. ही मर्यादा पाळणारे व्रतच नम्रता आणि अहिंसा या आपल्या मूळ भावांशी प्रामाणिक राहते.