दहाव्याला नको, आत्ता या

माझा सत्कार राहू द्या. ती शाल घडी करून ठेवा आणि मी सांगतो ते मान वर करून ऐका. शाळेला संगणक दिलेत, चांगलं केलंत. पण पारनेर तालुक्यातल्या ज्या वाड्यांवरून तुम्ही अनवाणी माझ्या वर्गात येत होतात, तिथं आज घरामागून घर म्हाताऱ्यांचं आहे. पोरगा चाकणला, सून पुण्यात नोकरीला. सत्तरीतली आई मात्र पहाटे उठून गाईच्या धारा काढते, कारण संकलन केंद्रावर दूध गेलं नाही तर तिच्या बीपीच्या गोळ्यांना पैसे नसतात. गुडघे दुखतात हे ती तुम्हाला फोनवर सांगत नाही. तुम्हीही विचारत नाही.

आपला तालुका दुष्काळी आहे, मला ठाऊक आहे. पारनेर, संगमनेर, अकोले तालुक्यांतली माणसं पिढ्यान् पिढ्या पोटासाठी मुंबईला गेली. पाथर्डी-शेवगावातून दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि मागं नातवंडं सांभाळत म्हातारी माणसं राहतात. त्या मजुरांना मी एक शब्द बोलणार नाही. मुकादमाची उचल फिटल्याशिवाय त्यांना माघारी येता येत नाही. मी बोलतो ते तुम्हाला, ज्यांच्या दारात गाडी आहे आणि गाव दोन-अडीच तासांवर आहे.

2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात साठीपुढची माणसं शंभरात जवळपास दहा होती. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यातला जननदर बाईमागं 1.7 वर आला होता. म्हणजे सांभाळायची माणसं वाढणार आणि सांभाळणारे हात कमी होणार. तुम्ही चार भावंडं असून आई सहा महिने ह्याच्याकडं आणि बाप सहा महिने त्याच्याकडं, अशी वाटणी करता. म्हातारपणी नवरा-बायकोची ताटातूट करायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला? आणि तुम्हाला तर एकच मूल आहे. ते सगळं बघतंय.

सगळ्यात चीड येते ती दहाव्याच्या दिवशी. नदीकाठी मांडव, नामांकित प्रवचनकार, पुढाऱ्यांची श्रद्धांजलीची भाषणं, चौकात फ्लेक्स, गावजेवण. ज्या बापाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन तुम्ही दोन वर्षं पुढं ढकललंत, त्याच्या दहाव्याला लाखभर रुपये उडवताना तुमचा हात थरथरत नाही. लोकही ‘पोरांनी नाव काढलं’ म्हणून जातात. मी असल्या दहाव्यांना जायचं बंद केलं आहे.

कायदा काय म्हणतो तेही ऐकून ठेवा. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यानं आई-वडिलांना प्रांताधिकाऱ्यांपुढं निर्वाहखर्च मागता येतो, महिना दहा हजारांपर्यंत. मुलगाच नव्हे, मुलगीही जबाबदार आहे. त्यांना टाकून दिलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. सांभाळायच्या अटीवर जमीन बक्षीस लिहून दिली आणि पोरानं सांभाळलं नाही, तर ते बक्षीसपत्र रद्द करून मागता येतं. इथं बसलेल्या म्हाताऱ्यांनाही माझं सांगणं आहे: ती अट कागदावर लिहून घेतल्याशिवाय अंगठा देऊ नका. लाजू नका. सातबाऱ्यावरून नाव गेलं की घरातला शब्दही जातो, हे मी फार घरांत पाहिलंय.

2021 च्या सुरुवातीला लातूर जिल्हा परिषदेनं आई-वडिलांकडं दुर्लक्ष करणाऱ्या सात कर्मचाऱ्यांचा तीस टक्के पगार कापल्याचं जाहीर केलं. ज्यांच्यावर ठपका आला त्यांत शिक्षकही होते. माझ्या पेशातली माणसं! ती बातमी वाचून मला वर्गावर जायची लाज वाटली.

आणि तहसीलमध्ये आईला श्रावणबाळ योजनेच्या रांगेत उभी करणारेही तुमच्यातच आहेत. महिना 1,500 रुपयांची ती मदत निराधार म्हाताऱ्यांसाठी आहे. तुम्ही कमावते असताना तुमची आई निराधार कशी?

या रविवारी गावी जा. फोटो काढू नका. आईची दवाखान्याची फाइल उघडा, गोळ्या कधी संपल्या ते बघा, पासबुक भरून आणा, वडिलांचे डोळे तपासून घ्या. रात्री मुक्काम करा. त्यानंतर मला भेटायला या, मी तुमची शाल घेईन.