लग्नपत्रिका कोणाला?

घरात लग्न ठरले की आपण हिशेबाला बसतो. पत्रिका किती छापायच्या? इथे इस्राएलमध्ये हॉलवाले माणशी पैसे घेतात आणि पाहुणे दाराजवळच्या पेटीत चेकचे पाकीट टाकतात. त्यामुळे पुष्कळांना पत्रिका बिलासारखी वाटते.

मुलीच्या लग्नात आम्हीही यादीला कात्री लावली. दिमोनाच्या एका विधवा मावशींचे नाव गाळले. ‘पेन्शनवर जगणाऱ्या बाईला चेकचा भार कशाला?’ अशी मनाची समजूत घातली. पुढे मावशी भेटल्या. एवढेच म्हणाल्या, “मेंदीला तरी बोलवायचे होते रे. गाणी म्हटली असती.”

आम्ही मान खाली घातली. जिला आम्ही दया म्हटले, ती आमचीच काटकसर होती. कोकणात आपले वडीलधारे घरोघर जाऊन आमंत्रण देत. आहेर तेव्हाही होता. पण आमंत्रण आहेरासाठी नव्हते.

वाचकहो, कागद साधा घ्या, सोनेरी अक्षरे वगळा आणि वाचलेल्या पैशांत दोन पाने जास्त मांडा. अशा घरी पत्रिका स्वतः न्या आणि सांगा, “पाकीट नको, तुम्ही या.” यायचे की नाही, हे त्यांना ठरवू द्या. तो मान त्यांचा आहे, असे आम्हांस वाटते.