कुळाचा शोध आणि परक्याचे दप्तर

आपण कोणाचे, आपले मूळ गाव कोणते, आपली कुलदेवता तेथून केव्हा व का हलली, असे प्रश्न प्रत्येक विचारी मनुष्यास एकदा तरी पडतातच. गोमंतक सोडून पिढ्यान्‌पिढ्या घाटावर, बेळगाव भागात, वस्ती करून राहिलेल्या आपल्यासारख्या कुटुंबांत तर ते अधिकच उत्कटतेने उभे राहतात. त्यांची उत्तरे आजवर आपण वडील माणसांच्या तोंडून ऐकत आलो. आता काही मंडळी पणजीच्या पुराभिलेखागारात जाऊन जुने कागद पाहू लागली आहेत. ही जिज्ञासा स्तुत्यच होय. परंतु तिच्या पोटी एक कठीण प्रश्न दडलेला आहे. ज्या राजसत्तेने आपली देवळे मोडली, तिच्याच दप्तरात आपण आपले पूर्वज शोधावेत काय? आणि शोधल्यास, तेथे जे सापडेल त्याच्याशी आपण कसे वागावे?

प्रथम हे दप्तर कसे निर्माण झाले ते ध्यानात घेतले पाहिजे. 1510 साली पोर्तुगीजांनी तिसवाडी घेतली. बारदेश व साष्टी 1543 मध्ये त्यांच्या अमलाखाली गेले. गावकऱ्यांचे हक्क व रूढी 1526 च्या फोरालात नमूद झाल्या, त्या सारा वसूल करण्याच्या सोयीसाठी. 1567 साली साष्टीतील देवळे पाडली गेली आणि त्याच सुमारास देवस्थानांच्या जमिनींच्या याद्या तयार झाल्या. त्या जमिनींचे उत्पन्न चर्चकडे वळवावयाचे होते, म्हणून त्या याद्या लिहिल्या गेल्या. प्रेमाने लिहिलेला त्यांत एकही शब्द नाही. तथापि कोणत्या गावी कोणकोणती देवळे होती, त्यांच्याकडे कोणती शेते व कोणत्या बागा होत्या, हे आज आपणांस कळते ते बव्हंशी या जप्तीच्या याद्यांवरूनच. ज्याने नेले त्यानेच काय नेले ते लिहून ठेवले. आणि लिहिणारा हात परका असला, तरी शेताचे नाव व देवाचे नाव ही त्यास गावातूनच कळावयाची होती. म्हणून ते कागद टाकाऊ मानणे म्हणजे आपल्याच गावाचे बोलणे टाकून देणे होय.

दुसरी गोष्ट, कागदाचे मौन. गावकरीच्या उत्पन्नातील वाटा, म्हणजे जोण, पुरुषास मिळे. म्हणून तेथे पुरुषांचीच नावे. ज्या स्त्रियांनी देव्हाऱ्यातील टाक पदरात बांधून नदी ओलांडली असेल, त्यांची नावे कोणत्या वहीत शोधावीत? शेतात राबणाऱ्यांची, देवळात झाडलोट करणाऱ्यांची नावे कोठे पाहावीत? कुंकळ्ळीचे उदाहरण घ्या. 1583 साली तेथे पाच जेझुइट पाद्री मारले गेले. त्यांची नावे, त्यांची चरित्रे, सारे काही लिहून ठेवले गेले. पुढे बोलणी करण्याच्या मिषाने असोळणेच्या किल्ल्यात बोलावून ज्या गावकरी नायकांचा घात झाला, ते मात्र त्या लिखाणात दीर्घकाळ केवळ गुन्हेगार म्हणूनच राहिले. तेव्हा कागदात जे आहे ते तपासून घ्यावे, आणि जे नाही ते नव्हतेच असे कधीही म्हणू नये.

येथवर कोणाचा मतभेद होईल असे मला वाटत नाही. खरी कसोटी लागते ती कागद आपल्या आवडत्या कथेविरुद्ध बोलतो तेव्हा. आमच्या घरी सांगत असत की, देवीबरोबर आमचे समस्त कुळ एका रात्रीत जुवारीपार झाले. मागे कोणी म्हणून राहिले नाही. लहानपणी हे ऐकताना आमची छाती अभिमानाने भरून येई. काही वर्षांपूर्वी मी मूळ गावच्या गावकरीचे जुने कागद एका जाणत्या गृहस्थांकडून वाचवून घेतले. त्यांत आमचे वांगड होते. स्थान तेच, मान तोच. नावे मात्र पोर्तुगीज होती. वांगड वंशपरंपरेने चालते. तेव्हा अर्थ उघड होता: काही भाऊ देवीमागे गेले, काही भाऊ जमिनीपाशी राहिले आणि त्यांनी धर्म बदलला. धाकाने, शेताच्या मायेने, की 1559 नंतर पोरक्या हिंदू मुलांना ज्या कायद्याने बाप्तिस्मा देण्यात येई त्या कायद्यामुळे, हे कागद सांगत नव्हता.

हे घरी सांगावे की नाही, याचा मी पुष्कळ दिवस विचार केला. नव्वदीला टेकलेल्या आत्यांची श्रद्धा का दुखवावी, असे मन म्हणे. परंतु जे पूर्वजांविषयी खरे आहे ते लपवून पूर्वजांची पूजा करावयाची, हे मला पटेना. शेवटी एके दुपारी त्यांना सर्व सांगितले. त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “म्हणजे सर्वपित्रीला आपण ज्यांना पाणी देतो, ते त्यांचेही पूर्वजच की रे. त्यांच्या वाटचे पाणी आपणच देत आलो म्हणायचे.”

मी जे शोधास गेलो होतो त्याहून हे उत्तर मोठे होते. आपले कुळ इतरांहून श्रेष्ठ ठरविण्यासाठी जो कागद उघडतो, त्याच्या हाती एक तर अहंकार येतो, नाही तर लाज. आपण कोणाकोणाचे लागतो हे जाणण्यासाठी जो तो उघडतो, त्याला नातलग सापडतात. फातर्प्याच्या श्रीशांतादुर्गा कुंकळ्ळीकारीणीच्या छत्रोत्सवात कुंकळ्ळीच्या बारा वांगडांच्या छत्र्या निघतात, आणि तेथे ख्रिस्ती गावकरीही सहभागी होतात. वहीत जे नाते परक्या नावाखाली झाकले गेले, ते त्या छत्र्यांखाली उघडपणे चालत असते.

तेव्हा दप्तर जरूर पाहावे. त्यातील अन्यायाला अन्यायच म्हणावे. त्यात सूट देण्याचे कारण नाही. परंतु तेथून घरी येताना वैर बरोबर आणू नये, आणि गैरसोयीचे पान मागे ठेवूनही येऊ नये. आपल्या संस्थेच्या ज्या सभासदांच्या घरी वृद्ध मंडळी आहेत, त्यांनी त्यांच्या आठवणी, विशेषतः आजी-पणजींची माहेरची व सासरची नावे, आजच लिहून ठेवावीत. ती कोणत्याही राज्याच्या वहीत मिळावयाची नाहीत.