रेघेवरील ठिपके

संत इग्नेशियस लोयोला यांच्या १५४८ सालीं छापलेल्या आत्मिक साधनेवरील ग्रंथांत आत्मपरीक्षणाची एक रीत सांगितली आहे. साधकानें आपला एकच दोष निवडावा. तो किती वेळां घडला हें दुपारीं व रात्रीं आठवून रेघेवर तितके ठिपके द्यावे. आणि आजची रेघ कालच्या रेघेशीं ताडून पाहावी. ही रीत वाण्याच्या कीर्दीसारखी रुक्ष दिसते खरी. परंतु तिचें मर्म त्या एका दोषाच्या निवडींत आहे, असें आम्हांस वाटतें. कौटुंबिक प्रार्थनेंत ‘आम्ही पापी आहों’ असें मोघम म्हटल्यानें कोणाचाच अभिमान दुखावत नाहीं. ‘आज मोलकरणीस विनाकारण टाकून बोललों’ ही नोंद मात्र बोचते, आणि उद्यां तिला हांक मारतांना जीभ आवरते. पुढें ठिपके घटल्याचा गर्व वाटूं लागला, तर दुसरी रेघ त्या गर्वासाठींच ओढावी.