गढूळ केलेले पाणी

(मननासाठी शास्त्रभाग : यहेज्केल ३४:१७-२२, उत्पत्ती २:१५)



मागील हिवाळ्यात आमच्या मंडळीतील चाळीस-पंचेचाळीस माणसे फर्दापुरास गेली होती. सोयगाव तालुक्यातील हे गाव अजिंठ्याच्या लेण्यांचे दारच होय. फाट्यावर आपली गाडी सोडावी, तेथून महामंडळाच्या बसने डोंगराच्या पायथ्याशी जावे, असा तेथील नियम आहे. लेणी पाहून झाल्यावर आम्ही गावाकडे परतलो, आणि ओढ्याकाठी सावली पाहून भोजनास बसलो. भोजनापूर्वी आमच्यापैकी एकाने एकशे चारावे स्तोत्र मोठ्या भावाने वाचले. देव ओढ्यांना डोंगरांमधून वाहवितो, रानातील पशू तेथे आपली तहान भागवितात, हे ऐकताना समोरच ओढा, समोरच डोंगर; आम्हां सर्वांची अंतःकरणे भरून आली. आम्ही प्रार्थना केली, गीत गाइले, जेवलो आणि उठलो.

उठताना मागे काय राहिले, हे सांगावयास लाज वाटते. थर्माकोलची ताटे, पातळ प्लास्टिकचे ग्लास, भाजीच्या पिशव्या, पाण्याच्या बाटल्या. अशा ताटांवर व ग्लासांवर आपल्या राज्यात २०१८ पासून बंदी आहे, हे आमच्यातील निदान दहा जणांस ठाऊक होते. पलीकडे शेळ्या चारणारा बारा-तेरा वर्षांचा एक मुलगा उभा होता. तो जवळ येऊन म्हणाला, "काका, हे असंच टाकून चालले का?"

आमच्यातील एक वडील हसून म्हणाले, "अरे बाळा, पावसाळा आला की नदी घेऊन जाईल सगळं."

मुलगा म्हणाला, "कुठं घेऊन जाईल? खालीच ना?" आणि मग थोडे थांबून, "मागल्या साली आमची एक शेळी हेच खाऊन मेली."

वाचकहो, त्या दिवशी आम्ही वाचलेले स्तोत्र आणि त्या मुलाचा प्रश्न ही दोन्ही आम्हांस एकाच देवाकडून आली असे आम्ही मानितो. स्तोत्र ऐकावयास गोड लागले. प्रश्न मात्र अजून गिळवत नाही.

"खालीच ना?" वाघूर नदी अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावते, सात उड्या घेत लेण्यांच्या अर्धचंद्राकार कड्याखाली येते, आणि फर्दापुराचा परिसर मागे टाकून उत्तरेस जळगाव जिल्ह्यात शिरते. तेथे तिच्यावर धरण आहे, त्या धरणाचे पाणी जळगाव शहर पिते, आणि पुढे नदी तापीस मिळते. म्हणजे आम्ही ज्या ओढ्याकाठी आमेन म्हणून उठलो, त्याच्या खालच्या अंगास सहस्रावधी घरांचे माठ आहेत. थर्माकोल कुजत नाही. त्याचे मणी मणी सुटतात, ते मासा गिळतो, शेळी गिळते, आणि शेवटी ते कोणाच्या पोटात जातात हे विचारण्याचे कोणास सुचत नाही.

आता यहेज्केलाचा शास्त्रभाग उघडावा. देव आपल्या कळपाशी बोलत आहे. काही मेंढरांनी उत्तम कुरणात चरून घेतले, आणि उरलेले गवत खुरांनी तुडविले. त्यांनी निवळ पाणी पिऊन घेतले, आणि राहिलेले पायांनी ढवळून गढूळ केले. मागून येणाऱ्या दुबळ्या मेंढरांस तेच तुडविलेले खावे लागते व तेच गढूळ प्यावे लागते. येथे देव मेंढरू आणि लांडगा यांमध्ये न्याय करीत नाही, हे लक्षात घ्यावे. तो मेंढरू आणि मेंढरू यांमध्ये न्याय करितो. आरोपी बाहेरचा नाही. तो कळपातलाच आहे, धष्टपुष्ट आहे, आणि बहुधा भोजनापूर्वी प्रार्थनाही करणारा आहे.

पाणी पिणे हा अपराध नाही. तहान देवानेच दिली आहे. पिऊन झाल्यावर पाय घालणे हा अपराध होय. निसर्गाविषयी आज जे थोर थोर ग्रंथ लिहिले जात आहेत, त्यांतील पुष्कळसा वाद या दोन वाक्यांच्या मध्ये मावेल, असे आम्हांस कधी कधी वाटते.

त्या ग्रंथांविषयीही थोडे बोलले पाहिजे, कारण आमचे कित्येक सुशिक्षित तरुण ते वाचतात आणि घरी येऊन वडिलांस प्रश्न विचारितात. देवाचे नाव न घेता सृष्टीची काळजी वाहणारे पुष्कळ सज्जन आहेत. ते म्हणतात, पाणी, झाडे व माती यांवाचून मनुष्य जगत नाही, म्हणून ती राखावी. आपली नातवंडे अजून जन्मली नसली तरी त्यांचाही या भूमीवर हक्क आहे, म्हणून राखावी. आणि शेळी, मासा, पाखरू यांसही वेदना होतात, म्हणून राखावी. या तिन्ही कारणांत आम्हांस खोटे असे काही दिसत नाही. १९७२ साली स्टॉकहोम येथे संयुक्त राष्ट्रांची परिषद भरली, आणि आपल्या देशाने १९७४ साली जलप्रदूषणाचा कायदा केला. १९७६ च्या घटनादुरुस्तीने नद्या, वने व वन्य प्राणी यांचे रक्षण करणे आणि प्राणिमात्रांवर दया करणे हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य म्हणून राज्यघटनेच्या ५१-क या अनुच्छेदात लिहिले गेले. तेथे धर्म विचारलेला नाही. नागरिक म्हटले की पुरे.

आणि हे शहाणपण परदेशाहून आले असेही नाही. आमच्या शेजारच्या खानदेशात पांझरेसारख्या नद्यांवर शेकडो वर्षे फड पद्धती चालत आली. बंधाऱ्याखालच्या एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यावयाचे, पाटकऱ्याने पाळीपाळीने पाणी सोडावयाचे, जागल्याने राखण करावयाची, आणि हे सर्व शेतकऱ्यांच्या पंचांनी ठरवावयाचे. अलीकडे १९९० च्या सुमारापासून अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावाने श्री. पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने झाडे तोडणे बंद केले, शेतीसाठी बोअर घेणे बंद केले, आणि दरवर्षी पावसाचा हिशेब मांडून मगच कोणते पीक घ्यावे ते गाव ठरवू लागले.

हे वाचून आम्हांस मत्तयाच्या एकविसाव्या अध्यायातील दोन पुत्र आठवतात. बापाने मळ्यात जाऊन काम करावयास सांगितले तेव्हा एकाने नकार दिला, पण मागून त्यास पस्तावा होऊन तो गेला. दुसऱ्याने आदराने होकार दिला, पण तो गेला नाही. मळ्यात आज कोण राबत आहे, आणि बांधावर बसून गीत कोण गात आहे?

१९६७ साली लिन व्हाइट या अमेरिकन इतिहासकाराने एक निबंध लिहून असा आरोप केला की, पृथ्वीवर सत्ता चालविण्याची आज्ञा उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात वाचून पश्चिमेकडील ख्रिस्ती लोकांनी सृष्टीस आपली बटीक मानिले, आणि आजच्या विध्वंसाचे मूळ तेथे आहे. त्यावर पुष्कळ वाद झाले. आमचे मत असे की, हा आरोप शास्त्रावर लागू पडत नाही, पण शास्त्र वाचणाऱ्यांवर बऱ्याच अंशी पडतो. आम्ही पहिला अध्याय वाचिला आणि दुसरा वाचण्यापूर्वी ग्रंथ मिटला.

दुसऱ्या अध्यायात मनुष्यास बागेत ठेविले ते कशासाठी? मूळ इब्री भाषेत तेथे दोन शब्द आहेत. पहिला 'आबाद'. त्याचा अर्थ मशागत करणे, आणि सेवा करणे असाही. दुसरा 'शामार', त्याचा अर्थ राखण करणे. हा दुसरा शब्द दोन पाने उलटताच पुन्हा भेटतो. हाबेलाचे रक्त जमिनीवर सांडल्यावर देवाने काइनास त्याच्या भावाविषयी विचारिले, तेव्हा मी काय त्याचा राखणदार आहे, अशा अर्थाचे उलट उत्तर काइनाने दिले. तेथे तोच शब्द आहे. ज्या मनुष्यास बागेची राखण दिली होती, त्याच्याच पुत्रास भावाची राखण जड झाली! आणि प्रत्येक रविवारी उपासनेच्या अखेरीस पाळक हात उचलून अहरोनाचा आशीर्वाद उच्चारितात, त्यात देवाने आपले रक्षण करावे असे म्हणतात, तेथेही मूळ शब्द तोच. देव आमची राखण करितो, आम्ही भावाची करावी, आम्ही बागेची करावी. शास्त्राने या तिन्हींसाठी निरनिराळे शब्द शोधिले नाहीत.

येथेच आम्हांस आमच्या देव न मानणाऱ्या मित्रांशी एक गोष्ट नम्रपणे बोलावयाची आहे. गाव आपले पाणी राखते, कारण ते पाणी त्याच गावास प्यावयाचे असते. परंतु वाघूर खाली जाते. फर्दापुराच्या ओढ्यात ताट न टाकल्याने फर्दापुरास जाणाऱ्या आम्हां पाहुण्यांचा कवडीचा लाभ नाही. लाभ जळगावच्या अशा मनुष्याचा, जो आम्हांस कधी भेटणार नाही आणि आभारही मानणार नाही. तेथे लाभाचा हिशेब थांबतो. कायदा आहे, पण ओढ्याकाठी शिपाई नव्हता. एक शेळ्या राखणारा मुलगा होता. अशा ठिकाणी मनुष्यास थांबविणारे काहीतरी हिशेबापलीकडचे लागते. कित्येक नास्तिकांपाशी ते असते, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. आमच्यापाशी ते असल्याचे आम्ही दर रविवारी सांगतो, आणि त्या दिवशी ते नव्हते.

कोणी म्हणेल, हे जग तर नाहीसे होणार आहे. आपण आत्म्यांची चिंता करावी, ताटांची कशाला? भाड्याचे घर सोडावयाचे आहे म्हणून त्याची कौले फोडणारा भाडेकरू मालकापुढे कोणत्या तोंडाने उभा राहील? नोहाशी केलेला करार देवाने मनुष्यापुरता ठेविला नाही, प्रत्येक जिवंत प्राण्याशी केला. आणि सारी सृष्टी कण्हत आहे असे पौल रोमकरांस लिहितो. शिवाय ती मेलेली शेळी म्हणजे त्या घरचे दूध व अडीअडचणीचा पैसा होता. शेळीचा विचार केला तर आत्म्याचा विचार मागे पडतो, असे म्हणणाऱ्यास त्या मुलाच्या आईसमोर उभे करावे.

लेण्यांविषयी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. ती लेणी बौद्ध भिक्षूंच्या वर्षावासाची. पावसाळ्यात त्यांनी एके ठिकाणी राहावे या नियमाचे एक कारण त्यांच्या ग्रंथांत असे दिले आहे की, पावसात फिरताना कोवळे गवत व बारीक जीव पायाखाली तुडविले जातात. तुडविणे! यहेज्केलाच्या शास्त्रभागात खटकलेला तोच शब्द. आणि नुसता सद्हेतू पुरत नाही, याचीही खूण तेथेच आहे. निजामाच्या राज्यात १९२० च्या सुमारास इटलीहून तज्ज्ञ आणून भिंतींवरील चित्रे टिकावी म्हणून त्यांवर लाखेचे रोगण दिले. काळाने ते पिवळे पडले आणि चित्रेच झाकोळली. पुढे ते काढण्यास फार कष्ट पडले. म्हणून सृष्टीची राखण करू इच्छिणाऱ्याने गुडघेही टेकावे आणि जाणत्यास विचारावेही.

त्या दिवशी आम्ही परत खाली उतरलो. सर्व जण नव्हे, दहा-बारा जण. ताटे गोळा केली. मुलगा शेळ्या सोडून आमच्याबरोबर वेचू लागला, आणि झुडपाखाली अडकलेले आमच्या आधीच्या पाहुण्यांचेही त्याने दाखविले. तीन पोती भरली. ती गाडीच्या टपावर बांधून आम्ही आमच्या गावी आणली, आणि तेव्हा कळले की आमच्या गावात तरी ती टाकावयाची कोठे? येथेही ओढाच आहे, आणि त्यालाही खाल आहे.

पुढल्या आठवड्यात मंडळीची सभा भरली. लग्न, नाताळ व सहभोजन यांसाठी स्टीलची दीडशे ताटे मंडळीच्या पैशाने घ्यावी, असा ठराव पाच मिनिटांत झाला. ती घासावी कोणी, यावर मात्र पाऊण तास गेला. पुरुषांनी स्त्रियांकडे पाहिले. तेव्हा मागे बसलेल्या एक वृद्ध मावशी उठून म्हणाल्या की, ओढा वाचवायला बायांच्या कमरा मोडणार असतील तर ताटे घेऊच नका. सभा शांत झाली. मग, नदी सगळे घेऊन जाईल असे ज्यांनी त्या मुलास सांगितले होते, त्याच वडिलांनी पहिल्या सहभोजनाची ताटे घासण्यासाठी आपले नाव लिहावयास सांगितले. त्यांच्याखाली आणखी चार पुरुषांची नावे आली. नाताळाच्या यादीत अजून दोन जागा रिकाम्या आहेत.