घटना आणि तिचा अर्थ

पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर धावण्याचे २० गुण असतात. काही सेकंद जास्त लागले की त्यातले गुण जातात. घडतं ते एवढंच. पण बुलढाणा जिल्ह्यातल्या नांदुऱ्यासारख्या गावातून भरतीला गेलेला मुलगा एसटीनं घरी परततो तेव्हा त्याच्या डोक्यात वेगळंच चाललेलं असतं. ‘माह्याच्यानं काहीच होत नाही.’ ‘बापानं कपाशीच्या पैशातून क्लास लावला, आता तोंड कसं दाखवू?’ ‘लोकं काय म्हनतीन?’ मैदानावर यातलं कुणीच काही बोललेलं नसतं. ही वाक्यं त्याची त्यानं रचलेली असतात, आणि उद्या पहाटे तो धावायला उठणार की नाही, हे तीच ठरवतात.

१९५५ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये अल्बर्ट एलिस यांनी नेमकं इथेच बोट ठेवलं. घटना आणि आपली अवस्था यांच्या मधे आपली धारणा उभी असते, आणि ती तपासता येते, असं ते सांगत होते. पुढच्या दशकात फिलाडेल्फियात नैराश्याच्या रुग्णांवर काम करणारे एरन बेक वेगळ्या वाटेनं याच मुक्कामी पोचले. महाराष्ट्रात मुंबईच्या डॉ. कि. मो. फडके यांनी एलिसांशी दीर्घ पत्रव्यवहार करून हा विचार रुजवला. ठाण्याच्या ‘आयपीएच’ या मानसिक आरोग्य संस्थेचे डॉ. आनंद नाडकर्णी यांनी तो सोप्या मराठीत सामान्य वाचकांपर्यंत नेला. आता व्यावसायिक कोच ही तंत्रं वापरतात. बढती हुकलेला मॅनेजर आणि भरती हुकलेला मुलगा यांना विचारायचे प्रश्न सारखेच आहेत. या विचाराला पुरावा काय? एका अपयशातून ‘मी नालायक’ हे कसं निघालं? आणि असं म्हणत राहून तुझं काम पुढे सरकतंय का?

नुसत्या प्रश्नांनी मात्र भागत नाही. एलिस स्वतः तरुणपणी मुलींशी बोलायला घाबरायचे. एकोणिसाव्या वर्षी ते न्यूयॉर्कच्या वनस्पती उद्यानात जाऊन बाकावर बसलेल्या अनोळखी स्त्रियांशी ठरवून बोलू लागले. शंभरएक जणींशी बोलून भेट ठरली फक्त एकीशी, आणि तीही आली नाही. पण नकारानं आकाश कोसळत नाही, हे त्यांना अनुभवानं कळलं. माझ्या मते या पद्धतीचा कणा इथे आहे. विचार बदलायचा तर कृती करून पाहावी लागते. मुलाखतीला घाबरणाऱ्या मुलीनं दहा जणांसमोर चुकतमाकत बोलावं, आणि ज्याची भीती वाटत होती ते खरंच घडलं का, हे त्याच दिवशी लिहून काढावं.

आता एक गोष्ट जोर देऊन सांगायला हवी. जागा थोड्या आणि अर्ज प्रचंड, ही धारणा नाही. पाऊस दगा देतो, कापसाचा भाव पडतो, याही धारणा नाहीत. बियाणं-खतांच्या कंपनीच्या प्रतिनिधीला दुष्काळी वर्षातही चढतं टार्गेट दिलं जात असेल, आणि कंपनीनंच पैसे देऊन बोलावलेला कोच त्याला ‘तुझी विचारपद्धती बदल’ म्हणत असेल, तर तो त्या माणसावर अन्याय करतो. वस्तुस्थितीला आधी वस्तुस्थिती म्हणायचं. तिच्यावर जे ‘म्हणून सगळं संपलं’ चढवलेलं असतं, त्याचीच झडती घ्यायची. हा विवेक नसलेला कोच माणसाच्या खांद्यावर परिस्थितीचाही दोष टाकून मोकळा होतो.

हे काम पदव्यांच्या भिंतीआड ठेवण्याचं कारण नाही. गोव्यात ‘संगथ’ संस्थेनं मानसोपचाराची पदवी नसलेल्या स्थानिक समुपदेशकांना शिकवून प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्याच्या रुग्णांना सहा ते आठ बैठकांचा उपचार दिला. भर होता पुन्हा कामाला लागण्यावर. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या निष्कर्षांनुसार तीन महिन्यांनी ६४ टक्के जण नैराश्यातून बाहेर होते, नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण ३९ टक्के होतं. आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यात ‘विश्राम’ प्रकल्पानं ३० गावांत काम केलं. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण दीड वर्षात ४.३ वरून २७.२ टक्क्यांवर गेलं.

मग नांदुऱ्यात ही पद्धत कुणी शिकावी? भरतीची तयारी करून घेणाऱ्यांनी आणि अभ्यासिका चालवणाऱ्यांनी, असं मला मनापासून वाटतं. निकालाच्या दिवशी पोरं त्यांच्यासमोरच असतात. निवड झालेल्यांचे फ्लेक्स चौकात लागतात, उरलेल्यांशी कुणी बोलत नाही. त्या आठवड्यात त्यांना एकेकट्याला बोलवावं. काय घडलं, मनात काय आलं आणि आता काय करायचं, हे त्यांच्याच हातानं कागदावर लिहून घ्यावं. ‘पुढच्या वेळी होईल’ हा दिलासा देऊ नये, कारण तो खरा ठरेलच असं नाही. आणखी किती प्रयत्न करायचे आणि सोबत दुसरं काय शिकायचं, याचा हिशोब मात्र जरूर मांडावा. झोप उडालेली असेल, जगण्याचाच कंटाळा आल्याची भाषा असेल, तर कोचचं काम तिथे थांबतं. अशा वेळी मुलाला एकटं सोडू नये, घरच्यांना विश्वासात घ्यावं, त्याच्याजवळ बसूनच ‘टेलिमानस’ या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक फिरवावा आणि सोबत डॉक्टरांकडे जावं.